शेवटच्या पानांचा सौदा

रद्दीच्या धंद्यात पुस्तक हातात आलं की आधी त्याचं कव्हर फाडायचं. पुठ्ठा एका बाजूला, पांढरा कागद दुसऱ्या बाजूला, कारण दोन्हींचा भाव वेगळा. चिकटवलेल्या पुस्तकाचा पुठ्ठा ओढला की त्याच्यासोबत पाचदहा पानंही निघून येतात. हडपसरच्या माझ्या दुकानात हे काम मी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता करायचे, शेंगा सोलाव्यात तसं.

पुस्तकांवर माझा राग नव्हता. राग होता तो कपाटावर. विदर्भातल्या आमच्या गावच्या शाळेत गोष्टींच्या पुस्तकांचं एक काचेचं कपाट होतं. त्याचं कुलूप उघडायचं ते फक्त तपासणीला साहेब आले की. "पोरं फाडतील," हेडमास्तर म्हणायचे. सात वर्षं मी काचेतून नुसती नावं वाचली. मग शाळा सुटली, लग्न झालं, पुण्याला आले, हातगाडीवर रद्दी गोळा करत करत स्वतःचं दुकान टाकलं. त्या हेडमास्तरांना मी माफ केलेलं नाही, करायचा विचारही नाही.

तेव्हा आमच्या भागात आयटीच्या इमारती उठत होत्या आणि त्यांत राहायला आलेली तरुण जोडपी वर्षा-दोन वर्षांत अमेरिकेला निघत होती. विमानाची तारीख ठरलेल्या माणसाशी भाव करण्यासारखं सुख नाही. अशाच एका घरातून मी पोतंभर पुस्तकं आणली. बाई म्हणाल्या, "मावशी, चांगली पुस्तकं आहेत हो, जरा बघा ना."

"ताई, काट्याला चांगलं-वाईट कळत नाही," मी म्हटलं आणि मी सांगितलेल्या किमतीलाच उचलली.

त्यातलं एक पुस्तक कव्हर फाडून झाल्यावर माझ्या मुलीने उचललं. ती आठवीत होती. शाळा सुटली की दुकानातल्या पोत्यांवर बसून हाताला लागेल ते वाचायची. हे तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं. एका थंड मुलखातली तेरा वर्षांची मुलगी. तिचा काका तिची घोडी एका दुष्ट व्यापाऱ्याला विकणार असतो. म्हणून ती पहाटेच घोडी घेऊन पलीकडच्या गावच्या बाजाराला निघते, स्वतः चांगलं गिऱ्हाईक शोधायला. वाटेत गोठलेलं तळं.

"तळ्यावरून घोडी कशी जाईल?" मी विचारलं.

"आई, पाण्याचा दगड झालेला असतो तिथे."

मी बर्फ पाहिला होता तो उसाच्या गुऱ्हाळातल्या लादीचा, भुशात गुंडाळलेला. त्यावरून चालणारी घोडी काही डोळ्यांपुढे येईना. पण त्या मुलीची आजी भाकरी बांधून देते, जाताना तिच्या गालावरून हात फिरवते, "नीट जा गं बये," म्हणते. मला वाटलं, आपल्याकडचंच कुणी तिकडे राहून आलं असेल आणि त्याने हे लिहिलं असेल. चार दिवस माझं वजनात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाने तर मला हातोहात फसवलं.

पाचव्या दिवशी मुलगी आणि घोडी तळ्याच्या मधोमध पोचल्या. पायाखाली बर्फ कुरकुरला, आणि पान संपलं. पुढे काही नाही.

आम्ही पुठ्ठ्याचा ढीग उपसला. तो होता आदल्या दिवशीचा. आमचा गठ्ठा टेम्पोतून कधीच गेला होता.

माझी मुलगी म्हणाली, "तू फाडलंस." आणि बोलायची थांबली. जेवताना बापाला सांगायची, "बाबा, आईला सांगा, अर्धीच भाकरी वाढ." राग आला की माझी भाषा पुण्याची राहत नाही. "काहून बोलत नाहीस?" म्हणून मी ओरडले, तर ती उठून भांडी घासायला लागली. ते तर फारच झोंबलं. भांडणारं माणूस मला चालतं, गप्प बसणारं नाही. सातआठ दिवस घरात हेच. मलाही रोज वाटायचं, बर्फ फुटला की काय.

शेवटी दुकानावर जुने पेपर विकायला येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने कसबा पेठेतलं मुलांचं एक वाचनालय सांगितलं. रविवारी मी मुलीला घेऊन गेले. टेबलामागे चष्मेवाले एक गृहस्थ बसले होते.

"पुस्तकाचं नाव?"

"माहीत नाही."

"लेखक?"

"तेही नाही. पहिलं पान फाटलं."

"कुणी फाडलं?"

"मी."

"वा," ते म्हणाले आणि पुन्हा रजिस्टरात बघू लागले.

मग मुलीने घोडी, काका, तळं सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली, उठले आणि एका कपाटाचं कुलूप काढून पुस्तक आणलं. कव्हरवर पांढरी घोडी होती. मी मनात काळी धरली होती.

"अनुवाद आहे," ते म्हणाले. "मूळ पुस्तक तिकडच्या भाषेतलं. अशी बरीच आहेत, जपानी, इराणी, रशियन. ही एकच प्रत, आता छापत नाहीत. घरी मिळणार नाही."

कुणीतरी बसून अख्खं पुस्तक ओळीओळीने आपल्या भाषेत आणलं होतं, आणि हे गृहस्थ ते कुलपात ठेवत होते. माझं डोकं फिरलं.

"कशाला जपता मग? उंदरांसाठी?"

"बाई, ही मंडई नाही."

"मंडईत माल निदान हातात देतात."

मुलीने माझा पदर ओढला. मी आवाज खाली घेतला आणि धंद्यावर आले. म्हटलं, माझ्याकडे आठवड्याला पोतंभर मुलांची पुस्तकं येतात, देशोदेशीची. कव्हर फाडायच्या आधी तुम्ही या, हवी ती उचला. हे पुस्तक पंधरा दिवस द्या.

त्यांनी चष्मा काढला. "हवी ती?"

"हवी ती."

"इथे बसून दोन तास वाचा."

"दहा दिवस."

"एक दिवस."

तीन दिवसांवर सौदा ठरला. मी मनात पाच दिवस धरले होते, पण ते गृहस्थही कमी नव्हते.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मुलीने पुस्तक उघडलं. मोठ्याने वाच म्हटलं तर मान हलवली आणि मनातच वाचत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. एकदा तिने ओठ चावला, एकदा डोळे पुसले. हडपसर आलं तेव्हा तिने पुस्तक मिटलं.

"पडल्या का गं पाण्यात?" माझ्याने राहवेना.

तिने पुस्तक पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "नाही. तिने लगाम सोडून दिला. घोडीने आपली आपण वाट काढली."

"आणि बाजारात? किती आले?"

"विकलीच नाही. चांगलं गिऱ्हाईक मिळालं, मागेल ती किंमत देत होतं. पण ती घोडी घेऊन परत घरी आली."

"मागेल ती किंमत? आणि परत आणली?" बसमधल्या चारपाच जणांनी वळून पाहिलं. "एवढ्या लांब जीव धोक्यात घालून गेली कशाला मग?"

"आई, तुला काही कळत नाही," मुलगी म्हणाली, आणि स्टॉपपासून घरापर्यंत मला काय काय कळत नाही ते सांगत राहिली.