पांढऱ्या ठिपक्याची राणी

दुपारचे अडीच. चारला शोकसभा, आणि भाषणाचा कागद अजून पहिल्याच वाक्याला अडलाय: ‘हर्डीकर सर म्हणजे ज्ञानतपस्वी.’ कसला डोंबलाचा ज्ञानतपस्वी! डॉ. ललिता बोरवणकर पेन टाकते, चष्मा काढते आणि टेबलावर हातांची उशी करते. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावते. पंख्याची घरघर बारीक होत जाते, आणखी बारीक होते, आणि आता ती गांधीलमाश्यांची गुणगुण आहे.

समोरच्या खुर्चीत सर बसलेत. मरून तेरा दिवस झाले, पण खिशाला तीच तीन पेनं.

“ज्ञानतपस्वी खोडू नकोस,” ते म्हणतात. “शोभतंय मला.”

“मेल्यावर तरी थोडी लाज वाटेल असं वाटलं होतं, सर.”

“जिवंतपणी जमलं नाही ते आता कशाला?”

खुर्ची तीच आहे, पण भोवती कॉलेजमागची पत्र्याची शेड आहे आणि छताला गांधीलमाश्यांची पोळी लोंबतायत. बावीस वर्षांपूर्वी ललिता इथेच सरांच्या हाताखाली पीएचडी करत होती. माशी चिमटीत धरायची आणि काडीच्या टोकाने तिच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा. प्रत्येकीचा रंग निराळा, म्हणजे कोण कुणाशी कशी वागते ते वहीत उतरवता येतं. पहिल्या पोळ्याच्या राणीला पांढरा होता. दुसऱ्या पोळ्याच्या राणीला पिवळा द्यायचा, तर ऐन दिवाळीत पिवळी डबी सुकलेली आणि दुकानं बंद. सर म्हणाले, दे पांढराच, पोळं तर वेगळं आहे ना! तिने दिला, आणि वहीत तसं लिहूनही ठेवलं.

सुट्टी संपेपर्यंत सर ते साफ विसरले. तेवढ्यात पहिली राणी कुठेतरी मरून पडली, आणि दुसऱ्या पोळ्यावर पांढऱ्या ठिपक्याची माशी अंडी घालताना त्यांना दिसली. झालं! ही पहिल्या पोळ्याचीच, म्हणजे परकी राणी दुसऱ्या घरात सुखाने सामावली, असा शोध लागला. लेख, शाली, नारळ, गावोगाव व्याख्यानं: माश्यांकडून शिका, परक्याला आपलं म्हणा. आणि या महात्म्याने दुसऱ्या मार्गदर्शकाच्या विद्यार्थ्याला आपल्या शेडमध्ये कधी पाणी प्यायलासुद्धा उभं केलं नाही.

“मी दुसऱ्याच आठवड्यात वही आणून दाखवली होती तुम्हाला,” ललिता म्हणते.

“दाखवलीस. मी काय म्हणालो?”

“लेख छापायला गेलाय.”

“आणि?”

ती छताच्या पोळ्यांकडे बघते.

“आणि जूनमध्ये लेक्चररची जागा निघतेय, असंही म्हणालो. तू वही मिटलीस. मी चुकलो, ललिता. तू समजून उमजून गप्प बसलीस. आता दोघांत हलकं कोण, ते तूच बघ.”

“माझी विद्यार्थिनी आहे, तेजश्री,” ललिताचा आवाज चिरकतो. “चार वर्षं झाली. तिच्या प्रत्येक प्रयोगात परक्या राणीला चावून चावून मारतात. आणि मी तिला सांगते, तुझंच कुठेतरी चुकतंय, पुन्हा कर. परवा रडत होती पोरगी. सोडून जाते म्हणाली.”

“शाब्बास,” सर म्हणतात. “माझी खरी शिष्या.”

तिला स्वतःची शिसारी येते. ती उठायला जाते तर शेड नाहीच, सभागृह आहे. हार घातलेला फोटो, उदबत्ती, आणि सगळी माणसं तिच्याकडे पाठ करून बसलेली. प्रत्येकाच्या पाठीवर ठिपका आहे. लाल, निळा, हिरवा. सर पुढे चालत जातात. त्यांच्या कोटावर पांढरा.

मग ते मागे येतात. तिच्या दोन खांद्यांच्या मध्ये काहीतरी गार टेकतं.

“हलू नकोस, पसरेल. पिवळा संपलाय,” सर कानाशी म्हणतात. “आता तू कोण आणि मी कोण, कुणाला सांगता येणार?”

“मॅडम! अहो मॅडम, पावणेचार झाले.” प्रयोगशाळेतल्या यमुनाताई दारातून आत आल्यात. “सगळे जमलेत खाली. अगं बाई, आणि पाठीला हे पांढरं काय लागलंय?”

ललिता हात मागे नेते. बोट ओलं होतं. रंगाच्या सगळ्या डब्या भंगारात जाऊन दहा वर्षं झालीत; तेजश्री माश्यांना आकड्यांच्या चिकट्या लावते.

“रंग ओला आहे, पुसला तर पसरेल,” यमुनाताई म्हणतात. “पदर ओढून घ्या वरून, म्हणजे दिसायचा नाही.”

“दिसू दे.” ललिता भाषणाचा कागद चुरगळते आणि टोपलीत टाकते. “ताई, कपाटात खालच्या कप्प्यात माझी पीएचडीची निळी वही आहे, ती काढा. आणि तेजश्रीला फोन करा. म्हणावं, पहिल्या रांगेत येऊन बस.”