मी पडलो नाही

मी गुरुग्राममध्ये एका कंपनीत एचआरला आहे. महिन्यातून एका रविवारी दुपारी मी कुस्तीतला खलनायक असायचो. ही आपली लाल मातीतली कुस्ती नव्हे. दोर बांधलेली रिंग, कर्कश गाणी आणि निकाल आधीच ठरलेला. मी कोट-टाय घालून, लॅपटॉपची बॅग अडकवून रिंगमध्ये शिरायचो आणि माइकवर सांगायचो, "इस साल किसी का इन्क्रिमेंट नहीं होगा." समोरचे प्रेक्षक आमच्यासारख्याच ऑफिसांतले. ते पोटतिडकीनं शिव्या घालायचे आणि मला ते फार आवडायचं.

शेवटी मी मार खायचो. या खेळात नायकाची सगळी ताकद खलनायकाच्या पडण्यात असते. तो गालाजवळून नुसता हात फिरवतो. मी मांडीवर थाप मारून आवाज काढतो, चार पावलं भेलकांडतो आणि आडवा होतो. लोक म्हणतात, काय हात आहे याचा!

आई करोल बागेहून पहिल्यांदाच बघायला आली, त्या दिवशी नायकानं ती थप्पड खरोखर मारली. न सांगता, पूर्ण जोरानं, माझ्या डाव्या कानावर. पडदा फाटला. आत कपडे बदलताना तो मोबाइलवर कुणीतरी काढलेला त्या थपडेचा व्हिडिओ बघत हसला. "यार, पब्लिक को असली चाहिए था."

परतताना मेट्रोत आई माझ्या डावीकडे बसली होती. तिचा प्रश्न मी ओठांवरून ओळखला. लागलं का रे खूप?

"छे गं, सगळं नाटक असतं," मी म्हणालो.

डॉक्टरांनी सांगितलं, त्या कानानं आता निम्मंच ऐकू येईल. मी डूख धरला. कान जरा सुकल्यावर आयोजकाच्या मागे लागून पुन्हा त्याच्याशीच सामना मागून घेतला.

सामन्याच्या मध्यावर तो दोरावर चढला आणि त्यानं माझ्यावर उडी घेतली. त्याला झेलणं माझं काम. एक पाऊल बाजूला झालो असतो तर त्याची मान मोडली असती. खोटं कशाला सांगू, पाऊल उचललं होतं. पण झेललं त्याला. मला त्याची मान नको होती, थप्पड हवी होती.

ती आली. आज आयोजकाची नजर होती, त्यामुळे त्यानं हात नुसताच फिरवला. मी मांडीवर थाप मारली नाही. पडलो नाही. टाय तेवढा नीट केला. त्यानं पुन्हा हात फिरवला, मी घड्याळ पाहिलं. मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसायला लागले. मी कोट काढला, घडी करून उशाला घेतला, आडवा झालो आणि पंचाला म्हणालो, "गिन लो, सर."

एक, दोन, तीन. ठरल्याप्रमाणे तो जिंकला. इतका पचका मी ऑफिसातही कुणाचा केलेला नाही. मला त्यानंतर कुणी बोलावलं नाही, पण त्यानं हात उचलला की लोक अजून हसतात असं कळतं, तेव्हा जिवाला थंडावा मिळतो.

त्या दिवशी आत आल्यावर तो माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला. खाली मान घालून बराच वेळ काहीतरी बोलत होता. शिव्या असतील, कदाचित माफीही असेल. मी उजवा कान वळवला नाही.