ओल्या पोत्याचा वास

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, पण दया नका दाखवू — मला तिचा राग येतो.

मी घरातला पहिला ग्रॅज्युएट. हॉटेल मॅनेजमेंट केलं, रामदासपेठेतल्या एका मोठ्या रेस्टॉरंटात वाइनचा इन्चार्ज झालो. माझी माय भिवापूरच्या गोदामात तीस वर्षं मिरची निवडत होती. एक मिरची रंगाला, एक तिखटाला, एक वासाला — कशात किती मिसळायचं हे व्यापारी तिच्या नाकाला विचारत. आता सांगा, फ्रान्समधल्या बोर्दोची रेड वाइन वेगळी काय असते? तिच्यात तीन जातींची द्राक्षं: कॅबर्ने सोव्हिन्यॉन तिला कणा देते, मर्लो मऊपणा, थोडीशी कॅबर्ने फ्रांक वास. आधी जांभळासारखं काळं फळ, मग जीभ धरणारा तुरटपणा, आणि घोट गिळल्यावर बराच वेळ मागे राहणारा देवदाराच्या लाकडाचा गंध. जमून आली तर कुठली द्राक्षं कुठे संपली ते सांगता येत नाही. हे शिकण्यात माझी दोन वर्षं गेली. मायजवळ ते आधीपासून होतं — कबूल करायला माझी जीभ का वळली नाही?

रेस्टॉरंटच्या वाढदिवसाला मालकांनी आपल्या पाहुण्यांसोबत स्टाफच्या घरच्यांनाही दुपारी जेवायला बोलावलं. मायला नुसतं बसवेना. पँट्रीत येऊन ती माझ्यासोबत ग्लास पुसू लागली. मालकांनी फ्रान्सहून स्वतः आणलेली बाटली मी तिथेच उघडली, चाखण्यापुरती ओतली. मायनं ग्लास नाकाशी नेला.

"इले ओल्या पोत्याचा वास येऊन राहिला गा. नको देऊ कोणाले."

"तुले काय समजते वं यातलं? चूप राह्य."

समजत होतं. तिला, आणि — इथेच मी अडतो — मलाही. बूच बिघडलेलं असलं की वाइनमधलं फळ मरतं, ओला पुठ्ठा तेवढा उरतो. तो वास मला तिच्या आधी आला होता. पण मालकांनी मिरवलेली बाटली खराब आहे हे त्यांना कोण सांगणार? बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी भ्यालो. बाहेर नेऊन मालकांच्या ग्लासात ओतली.

पहिल्याच घोटाला मालकांनी तोंड वाकडं केलं. "हे काय आहे?"

आणि मी — पदवीधर, कोटावर बिल्ला लावलेला — म्हणालो, "सॉरी सर, माझ्या आईने ग्लास ओल्या फडक्याने पुसले असावेत. तिला कळत नाही."

'असावेत' म्हणालो. खोटं बोलतानाही भाषा सांभाळली हरामखोरानं.

माय पँट्रीच्या दारातच उभी होती. तिच्या हातातलं फडकं कोरडं होतं. मालकांनी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. मग म्हणाली, "हो साहेब, माह्याच हातून झालं."

पाहुणे हसले. एक बाई "इट्स ओके, आंटी" म्हणाल्या. त्या हसण्याचा मला राग येतो, मालकांचा येतो, मायनं माझी बाजू घेतली त्याचाही येतो. पण त्यांना हसायला दिली कुणी माझी माय?

दुसरी बाटली सुरेख निघाली. तिचा स्वभाव मी सगळ्यांना समजावून सांगितला. टाळ्या घेतल्या.

माय आता माझ्याकडेच राहते. दूध नासलं का, डाळ आंबली का — भांडं माझ्यापुढे धरते. "पाह्य गा, मले काही समजत नाही आता." विचारायच्या आधीच ते भांडं तिनं बाकीच्यांपासून वेगळं काढून ठेवलेलं असतं. हे मला दिसतं. तरी मी वाकून वास घेतो, आणि तिला निकाल सांगतो.