श्रावणातली बाहेरची चूल

कोळशावर कलेजी भाजल्याचा वास आला, की मी पुन्हा ग्वाल्हेरच्या आमच्या अंगणात कडुलिंबाखाली उकिडवा बसलेला असतो. तेव्हा मी सरकारी रिसाल्यात स्वार होतो, आणि नई सडकेवरची बेढई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जलेबी रोज सकाळी हाणून असा सुटलो होतो की तलवारीचा पट्टा शेवटच्या भोकातही येईना. रिसालदारसाहेब म्हणाले, "नवं भोक बिल्कुल पाडायचं नाही. दसऱ्याच्या सवारीपर्यंत पोट उतरव, नाहीतर तबेल्यातच बस." त्याच दिवशी मी पुरी, मिठाई, भात सगळं सोडलं आणि मटण, कलेजी, अंडी, दही, पालेभाजी एवढ्यावर आलो. पण मग श्रावण लागला. आई कडाडली, "श्रावणात माझी चूल बाटवतोस? खायचं तर बाहेर जा." मीही तिचाच मुलगा. अंगणात तीन दगड मांडले, दोन्ही वेळा स्वतः रांधलं, भांडी स्वतः घासली आणि आंघोळ करूनच घरात पाऊल टाकलं. आई खिडकीतून बघायची. दसऱ्याच्या सकाळी ओवाळण्याआधी तिनेच पट्टा माझ्या कमरेला बांधला, तर तो सरळ चार भोकं आत गेला. ती म्हणाली, "पुढच्या श्रावणातही बाहेरच शिजव. भांडी मी घासीन." आज सत्तरी उलटली तरी पट्टा त्याच भोकात बसतो, आणि श्रावणात मी अजून बाहेरच शिजवतो. भांडी मात्र आता मलाच घासावी लागतात.