कुलूप नसलेला प्रोग्राम

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या नागपूरच्या कॉलेजात गणित विभागाला एक कॉम्प्युटर मिळाला. मी नुकतीच लेक्चरर म्हणून लागले होते. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी उन्हाळ्याची अख्खी सुट्टी त्या खोलीत काढली. कूलर तिथलाच बरा चालतो, असं त्या सांगायच्या. खरं तर आलेख काढणारा प्रोग्राम लिहीत होत्या. समीकरण दिलं की पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी रेघ उमटायची.

एका सहकाऱ्याने सुचवलं, आतल्या ओळी कुणाला दिसणार नाहीत अशी सोय करून ठेवा. मॅडमना ते पटलं नाही.

"सिद्धता झाकून नुसतं उत्तर शिकवतो का आपण?" एवढंच म्हणाल्या. मागेल त्याला त्या प्रोग्राम फ्लॉपीवर उतरवून द्यायच्या.

सावनेरच्या कॉलेजातले एक सर असाच तो घेऊन गेले. काही दिवसांनी परत आले, ते जरा अवघडूनच. एक भागिले एक्सचा आलेख काढताना शून्यापाशी, शून्याने भागता येत नसल्यामुळे, प्रोग्राम बंद पडायचा. सरांनी आत दोन ओळी घालून तेवढा बिंदू ओलांडला होता.

"मॅडम, तुमाले न विचारता हात लावला. पोरं खोळंबून राहिली होती."

मॅडमनी त्यांना शेजारी बसवून आलेख काढायला लावला. शून्याच्या एका बाजूची रेघ खाली गेली, दुसऱ्या बाजूची वर. मॅडमनी तो पुन्हा एकदा काढायला लावला. मग म्हणाल्या, "हा ठेवूच. पण माझा अडणाराही राहू द्या. तो का अडला, इथूनच माझा तास सुरू होतो."

"काहून अडला, हे तर मी पोरायले सांगितलंच नाही," सर म्हणाले आणि स्वतःच हसले.

बोलण्याच्या नादात त्यांची बस निघून गेली. मॅडम त्यांना आणि मला प्रताप नगरला आपल्या घरी जेवायला घेऊन गेल्या. वाढलं त्यांच्या यजमानांनी, कारण शून्याजवळचे ठिपके दाट कसे काढायचे यावरून मॅडम आणि सर ताटावरही वाद घालत होते.

पुढे दोघांनी मिळून प्रोग्राम नव्याने लिहिला. माझ्या पीएच.डी.चे आलेख मी त्याच्यावरच काढले, आणि लागल्या तिथे त्यात माझ्याही चार ओळी घातल्या.