दुपारी घरी असणारा बाप

हरिदास मेश्राम इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकमध्ये टपाल वाटायचे. पहाटे चारला उठून सॉर्टिंगला जायचं, मग पिशवी खांद्याला लावून साडेतीनशे दारं करायची आणि दुपारी दीडला घर गाठायचं. नागपूरहून येताना त्यांनी मेकॅनिकलचा डिप्लोमा आणला होता. मिळाली टपालाची नोकरी, आणि ती त्यांनी सोळा वर्षं धरून ठेवली ती एकाच कारणासाठी: तनिषा शाळेतून यायची तेव्हा ते घरात असत. बायको कल्याणी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला, ती सहाच्या आत यायची नाही. साडेतीन ते सहा हा वेळ बापलेकीचा.

तनिषा दारातूनच सुरू व्हायची. "बाबा, आज बस इतका उशिरा आला ना, आणि ड्रायव्हर एवढी चिडली!"

"बस आली. ड्रायव्हर चिडला," हरिदास चहा गाळता गाळता म्हणायचे.

"तेच ते," म्हणून तिची गाडी पुढे.

२००४ च्या शरदात ती पंधरा वर्षांची होती आणि जीसीएसईचं, म्हणजे तिथल्या दहावीचं, वर्ष सुरू झालं होतं. आधी हॉकी सुटली. मग रोज सकाळी पोट दुखायला लागलं. मग घरी आली की सरळ वर जाऊन दार लावून घ्यायची. ताट जसंच्या तसं खाली यायचं. नोव्हेंबरात शाळेचा फोन आला की तीन आठवड्यांत ती सहा दिवसच आली आहे.

हरिदासना जे येत होतं ते त्यांनी केलं. पलंगाच्या कडेला बसून सांगितलं की तिची आजी विटा वाहायची, आजोबांना वर्गाबाहेर बसवायचे, बाबासाहेबांमुळे आपल्या हातात पुस्तक आलं. "आणि तुला इथे काय कमी आहे, बेटा?"

तनिषा भिंतीकडे तोंड करून होती. तशीच म्हणाली, "मला माहीत आहे, बाबा. सगळं माहीत आहे. म्हणून तर मला जास्त वाईट वाटतं. एवढं सगळं मिळून पण मला उठता येत नाही."

हरिदास खाली आले आणि सिंकपाशी नुसतेच उभे राहिले. आपण तिला बळ द्यायला गेलो आणि आणखी एक ओझं ठेवून आलो, हे त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टरीणबाईंनी थोडा वेळ आईबापांना बाहेर बसवून तनिषाशी एकटीशी बोलून घेतलं. मग दोघांना आत बोलावून सांगितलं, हा आळस नाही, हट्ट नाही. डिप्रेशन आहे, आजार आहे, आणि तो बरा होतो. मुलांच्या मानसोपचार विभागाला चिठ्ठी लिहिली, पण तिथली रांग मोठी होती. "तोवर आम्ही काय करायचं?" कल्याणीने विचारलं. "जवळ राहा," बाई म्हणाल्या. "उपदेश कमी करा. आणि मरणाचे विचार येतात का, हे विचारायला घाबरू नका. विचारल्याने ते येत नाहीत."

जवळ राहायचं म्हणजे काय, ते हरिदासना कळेना. शेवटी ते दुपारी जेवून वर जायचे आणि तिच्या बंद दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या गालिच्यावर बसायचे. "मी इथे आहे गं. बोलायलाच पाहिजे असं नाही," एवढंच सांगायचे. मेथी निवडायची, पेपर चाळायचा. शाळा सुटली की खाली रस्त्यावरून मुलींचा घोळका बडबडत जायचा, आणि त्यांचे कान उगाच त्या आवाजांत एक आवाज शोधायचे. ते चुकीचं मराठी पुन्हा एकदा कानावर पडावं, दुरुस्त करणार नाही, असं त्यांना वाटायचं.

पाचव्या का सहाव्या दिवशी, पहाटे चारचे उठलेले ते, बसल्या बसल्या झोपी गेले. दार उघडल्याने जाग आली. तनिषा उभी होती, विस्कटलेल्या केसांनी.

"बाबा, तुम्ही घोरताय. किती मोठी आवाज येते."

ती आत गेली, उशी घेऊन आली, त्यांच्या पाठीमागे ठेवली आणि शेजारी टेकली. हरिदासनी काही विचारलं नाही, काही समजावलं नाही. आयुष्यात एवढं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं.

त्यानंतर दार थोडं उघडं राहू लागलं. एका दुपारी त्यांनी धीर करून विचारलं, "तनू, तुला मरावंसं वाटतं का?"

"कधी कधी वाटतं, झोपावं आणि उठूच नये."

हरिदास ओरडले नाहीत, रडले नाहीत, 'असं बोलू नये' म्हणाले नाहीत. तिचा हात हातात घेतला. "सांगितलंस ते फार बरं केलंस. हे आपण आजच डॉक्टरांना सांगू. मी बरोबर आहे." त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी तिला तपासलं आणि रांगेतला तिचा नंबर वर आला.

कल्याणीला परीक्षेची काळजी होती. "अहो, वर्ष जाईल तिचं." "जाऊ दे वर्ष," हरिदास म्हणाले. "पोरगी राहू दे." कल्याणी त्यावर चिडली आणि मग त्यांच्याच खांद्यावर रडली. त्या उन्हाळ्यात तनिषाने परीक्षा दिली नाही.

रविवारी लंडनमधल्या ईलिंगच्या हॉलमध्ये बुद्धवंदनेला मंडळी जमत. तिथे लीलावतीताई दर वेळी विचारायच्या, "तनिषा दिसत नाही?" हरिदास अभ्यासाचं कारण द्यायचे. एकदा त्यांनी तनिषालाच विचारलं, "सांगू का खरं?" तिने बराच विचार करून होकाराची मान हलवली. मग त्यांनी सांगितलं. लीलावतीताई हळूच म्हणाल्या, "माझा राकेशपण दोन वर्षं असाच होता. मी कुणाला बोलले नाही."

औषध, दर आठवड्याला समुपदेशकाशी बोलणं, अभ्यासाला आधी एक विषय, मग तीन. मध्ये दोनदा ती पुन्हा पार खाली गेली. पण २००६ मध्ये परीक्षा झाली, आणि २००८ च्या ऑक्टोबरात ती लीड्सला विद्यापीठात गेली.

ती बरी झाली, पण ती दारातून बडबडत येणारी मुलगी परतली नाही. ही शांत होती, शब्द तोलून वापरायची. हरिदास दुपारी चहा ठेवायचे आणि साडेतीनला त्यांची नजर दाराकडे जायची. हिच्यावर त्यांचा जीव होताच. पण त्या आधीच्या तनिषाची आठवणही जात नव्हती. कल्याणीला त्यांनी हे एकदाच सांगितलं. "मलाही येते," ती म्हणाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरातल्या एका दुपारी लीड्सहून तिचा फोन आला.

"बाबा, हा आठवडा वाईट गेला. मी इथल्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. उद्याची."

"मी येऊ का?"

"नको. पण फोन ठेवू नका. मी स्वयंपाक करते, तुम्ही नुसते असा."

हरिदासनी खुर्ची ओढली. पलीकडे नळ सुटला, कांदा चिरल्याचा आवाज आला, काहीतरी चुरचुरलं. ते फोन कानाला लावून बसून राहिले.