बेचाळीस नंबरचा शिक्का

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो. हे एक विसरावं असं फार वाटतं, आणि नेमकं तेच विसरत नाही.

महाराष्ट्र पोलिसांतून इन्स्पेक्टर असताना स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी कुवेतमधल्या एका ठेकेदार कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झालो. खाकी उतरली तरी स्वभाव काही उतरत नाही. यार्डाच्या गेटपाशी माझी केबिन होती, तिला मी ठाणंच म्हणायचो. आवक-जावक रजिस्टर, गेटपास, पहारेकऱ्यांची हजेरी, सगळं मला चोख लागायचं. सकाळी चहाआधी रजिस्टर तपासणार, मगच घोट घेणार. लोक मागून खडूस म्हणायचे. म्हणोत बापडे.

एका बुधवारी दाराखालून चिठ्ठी आली. हिंदीत, निनावी. यार्डातले पाइप बाहेर गेलेत, वफ्रा भागातल्या एका शेतावरच्या शेडमध्ये त्यांच्यापासून मोटार बनते आहे, आणि तिच्यावर आपल्या वेल्डरचा बेचाळीस नंबर आहे, एवढाच मजकूर. मी स्टोअरचं रजिस्टर काढलं. पाइप खरोखरच कमी भरले. आमच्याकडे प्रत्येक वेल्डरला नंबर असतो आणि तो प्रत्येक जोडाशेजारी छिन्नीसारख्या पंचने ठोकतो, म्हणजे जोड फुटला तर जबाबदार कोण ते कळतं. बेचाळीस नंबर मालवणकडचा, चाळिशीचा, नाकासमोर चालणारा माणूस. पण नाकासमोर चालणारेच कधीकधी चकवतात, असं माझं तेव्हाचं तत्त्वज्ञान होतं.

गुरुवारी त्याला केबिनमध्ये बसवलं. आधी तासभर नुसतं बसवून ठेवलं, मग एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला. ही आमची जुनी पद्धत. बेचाळीस नंबर माझाच, हे त्याने चटकन कबूल केलं. गाडी कोणाची, पाइप कुठले, यावर मात्र गप्प. कपाळावर घाम, नजर जमिनीवर. मला वाटलं, झालं, माणूस फुटायला आला. मी आवाज चढवला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "साहेबानू, मी कायएक चोरूक नाय."

मी त्याचा गेटपास काढून घेतला. त्याचा अर्थ त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होता. रविवारपर्यंत माझा अहवाल मुदीरकडे, म्हणजे मॅनेजरकडे गेला असता, तर त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना रद्द, हातात विमानाचं तिकीट आणि पुन्हा या देशात पाऊल ठेवायची सोय नाही. शिवाय त्याच्या धाकट्या भावाचा व्हिसा याच कंपनीतून निघत होता. चोराच्या भावाला कोण बोलावतंय? तो उठताना खुर्चीला धरून उठला. मी ते पाहिलं आणि अहवालाचा कच्चा मसुदा लिहायला घेतला.

मुद्देमाल हवा म्हणून शुक्रवारी कॅमेरा घेऊन वफ्राला गेलो. खजुराच्या बागेमागे पत्र्याची शेड होती. आत आमच्याच कंपनीतला एक इंजिनियर, नाशिकचा, महबूला वस्तीत सहकुटुंब राहणारा, बनियनवर एका बुटक्या दोन सीटच्या मोटारीखाली आडवा झाला होता. मला बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. विलायतेहून मोटारीचे सुटे भाग खोक्यांतून मागवायचे आणि नकाशा बघून घरीच गाडी बांधायची, असा त्याचा दोन वर्षांचा नाद. बॉडी खोक्यातून आलेली, इंजिन अपघातात गेलेल्या गाडीचं कागदपत्रांसह घेतलेलं, आणि खालचा सांगाडा इथे जोडलेला. सोमवारी सरकारी तपासणी होती. भिंतीवर त्याने यादी चिकटवली होती: हॉर्न, वायपर, आरसे, सीटबेल्टचे बोल्ट, ब्रेकच्या नळ्यांचे क्लिप, पत्र्याच्या धारदार कडांना रबर. निम्म्यावर खुणा झालेल्या होत्या.

मी वाकून सांगाडा पाहिला. आमचे हरवलेले पाइप गोल आणि जाड होते. हा सांगाडा चौकोनी, पातळ नळीचा. ती विकत घेतल्याची दुकानाची पावती त्याच यादीशेजारी टाचलेली होती. मी पंचनामा न करता चौकशी केली होती. आधी कळस मग पाया! नव्या फौजदाराने असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

आणि प्रत्येक जोडाशेजारी, सरळ रेषेत, बेचाळीस. चोर आपल्या चोरीवर नंबर कशाला ठोकेल? एवढी साधी गोष्ट चिठ्ठीतच लिहिलेली होती आणि मी ती पुरावा म्हणून वाचली.

इंजिनियरवर मी खवळलो. "तुमच्यापायी तो माणूस देशोधडीला लागतोय आणि तुम्ही इथे नटबोल्ट आवळताय?" तो रडवेला झाला. म्हणाला, त्यानेच मला शपथ घातली, बोलू नका म्हणून. कफीलची, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आलो त्या मालकाची परवानगी नसताना बाहेर काम करणं हाही इथे गुन्हा. मैत्रीखातर सुट्टीत केलेलं वेल्डिंगसुद्धा त्यात धरतील ही त्याला भीती. चोरी केली नाही हे पटवायला सगळं सांगावं तर दुसऱ्या गुन्ह्यात सापडायचं. इकडे आड, तिकडे विहीर.

त्यात तपासणीचं भूत. सांगाड्यावर सरकारने दिलेला एकच नंबर असायला हवा. इराकने केलेल्या युद्धाच्या वेळी इथल्या असंख्य गाड्या पळवल्या गेल्या होत्या, त्यामुळे तपासणीवाले ठोकलेल्या आकड्यांकडे फार संशयाने बघत. इंजिनियरने ग्राइंडर हातात घेतला होता, सगळे बेचाळीस घासून टाकायला. मी तो काढून घेतला. चोरीच्या गाड्या मी आयुष्यभर पकडल्या. घासलेली जागा दिसली की पोलीस पुढचं काही बघत नाही.

संध्याकाळी वेल्डरच्या खोलीवर गेलो. सहा जणांची खोली, तो एकटाच पलंगावर बसलेला. इतर पोरं मला बघून बाहेर गेली. नंबर का ठोकलास, एवढंच विचारलं. त्याला प्रश्नच कळेना.

"उद्या रस्त्यार जोड तुटलो तर इचारतले कोणाक?" तो म्हणाला. "म्हणान नंबर मारलंय."

चुकलं माझं, हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. पोलिसाच्या जिभेला त्यांची सवय नसते. मी गेटपास त्याच्या उशाशी ठेवला आणि निघालो.

शनिवारी मुदीरसमोर उभं राहून सगळं सांगितलं, माझी घाई धरून. कुवेती माणूस, शांत. त्याने एकच विचारलं, चौकशीआधी गाडीचा पाइप पाहिला होतास का? मी नाही म्हणालो. त्या वयात कान लाल होणं काय असतं ते कळलं. त्याने वेल्डरच्या सुट्टीतल्या कामाला कंपनीची हरकत नाही असं पत्र सही करून दिलं. पाइप पुढे दुसऱ्या साइटवर सापडले, नोंदीविना गेलेले. ती निनावी चिठ्ठी कोणाची, याबद्दल माझा अंदाज आहे. पण अंदाजाने एकदा तोंड पोळलंय.

सोमवारी तपासणीला आम्ही तिघं आणि सरकारी कामं बघणारा कंपनीचा अरबी जाणणारा माणूस. दिवे, ब्रेक, हॉर्न झाले. मग तपासनीस टॉर्च घेऊन खाली वाकला आणि तिथेच थांबला. एका जोडावर अंगठा फिरवला, दुसऱ्यावर फिरवला. हा आकडा कसला, आणि गाडी बांधली कोणी? अर्जात इंजिनियरने बांधणारा म्हणून स्वतःचंच नाव लिहिलं होतं. आता खरं बोलला तर अर्ज खोटा, गप्प राहिला तर गाडी चोरीची ठरून वेल्डर पुन्हा अडकणार.

"वेल्डिंग माझं नाही," इंजिनियर म्हणाला, "याचं आहे."

पत्र पुढे केलं. तपासनिसाने ते दोनदा वाचलं, वेल्डरला जवळ बोलावून त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले, मग हातोडीने एकेक जोड वाजवत सांगाड्याभोवती फिरला. अर्जावर वेल्डरचंही नाव लिहायला लावलं आणि शिक्का मारला. इंजिनियर तिथेच फुटपाथवर बसला. वेल्डरने फक्त रुमालाने तोंड पुसलं.

माणूस गप्प आहे म्हणून तो गुन्हेगार, हे गणित मी त्यानंतर मांडलं नाही. वस्तू आधी, माणूस नंतर, हे मी हाताखालच्या प्रत्येकाला शिकवलं. शिकायला दुसऱ्याची चामडी लागली, एवढीच खंत.

करार संपून तो गावी निघाला, तेव्हा सहीसाठी केबिनमध्ये आला. धाकटा भाऊ त्याच्या जागी लागला होता. मी कागद पुढे ओढला. तोवर त्याने, न सांगताच, बॅगेची चेन उघडली आणि एकेक कपडा काढून माझ्या टेबलावर मांडायला सुरुवात केली. मी म्हणालो, अरे, तुझी बॅग नाही तपासायची मला, भर परत.

तो थांबला नाही. सगळे कपडे मांडून झाल्यावर रिकामी बॅगही त्याने माझ्याकडे तोंड करून धरली.

"बघून घेवा, साहेबानू," तो म्हणाला. "आधीच बघलेला बरा."